गुणपत्रिका आणि दोरीचा मल्लखांब

वाचकांचे प्रश्न : दहावी-बारावीनंतरचे प्रवेश

गेल्या दोन महिन्यांत इंदूर, देवास आणि महूहून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे : नामवंत महाविद्यालयात प्रवेश मिळवताना परीक्षेतल्या गुणांना किती महत्त्व असते आणि गाणे, खेळ, समाजकार्य यांना किती. त्यांतली चार पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत, सीबीएसईच्या शाळेत आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई परीक्षेची तयारी चालू आहे. शाळा सुटली की तो थेट भंवरकुआँजवळच्या कोचिंगला जातो आणि घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. सहा वर्षांपासून तो तबला शिकतो आहे. त्याची मध्यमा प्रथम ही परीक्षा झाली आहे आणि येत्या उन्हाळ्यात मध्यमा पूर्णला बसायचे म्हणतो. कोचिंगच्या सरांनी दोन वर्षे तबला बंद ठेवायला सांगितले आहे. त्याचे आजोबा म्हणतात की हल्ली आयआयटीतही कलेचा कोटा निघाला आहे, तेव्हा तबला मुळीच सोडवू नका. कोणाचे ऐकावे?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी प्रवेशाची व्यवस्था समजून घेऊ आणि मग तबल्याकडे वळू. आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांच्या प्रवेशाची क्रमवारी केवळ परीक्षेवर लागते. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. जानेवारी आणि एप्रिल अशी तिची दोन सत्रे होतात आणि त्यांपैकी चांगला निकाल धरला जातो. वरच्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांनाच पुढे आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डला बसता येते, तेही लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. बारावीचे गुण या क्रमवारीत मिळवले जात नाहीत. सर्वसाधारण गटासाठी ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणे, ही फक्त पात्रतेची अट आहे. हे नेहमीच असे नव्हते. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन दिले जात होते आणि २०१७ पासून ते काढून टाकले. ही जुनी गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अनेक घरांत थोरल्या चुलतभावाच्या वेळचे नियम धाकट्याला आजही ऐकवले जातात. तबला, खेळ, एनसीसी, वक्तृत्व यांना मात्र या मुख्य यादीत तेव्हाही स्थान नव्हते आणि आजही नाही.

आजोबांनी ऐकलेली बातमी खरी आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून ललित कला व संस्कृती यांत प्रावीण्य असलेल्यांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत. परंतु त्या जागांसाठीही जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्तायादीत असावेच लागते आणि त्याशिवाय राष्ट्रीय पातळीवरची मान्यता हवी असते, म्हणजे खेळात राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले पदक आणि कलेत केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती किंवा आकाशवाणीची श्रेणी यांसारखे काहीतरी. मध्यमा पूर्णचे प्रमाणपत्र, ते मिळवायला कितीही कष्ट पडत असले तरी, या दारातून आत नेणार नाही. तेव्हा कोट्याच्या आशेवर तबला चालू ठेवू नका, ही आजोबांना माझी नम्र विनंती.

म्हणून तबला बंद करावा, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी शाळेत गणित शिकवत असताना अशाच एका आईला मी 'दोन वर्षे पेटीला हात लावू देऊ नका' असा सल्ला दिला होता. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने पेटी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली. दिवाळीपर्यंतच्या चाचण्यांत त्याचे गुण होते तेवढेच राहिले, कारण वाचलेला वेळ अभ्यासाकडे गेलाच नाही. रात्री दमून आल्यावर तो नुसता पडून राहू लागला. बारावीनंतर पेटी खाली काढली तेव्हा भात्याला घडीवर दोन ठिकाणी भेगा पडल्या होत्या. त्या आईने मला दोष दिला नाही, पण तो सल्ला चुकीचा होता आणि तो मीच दिला होता.

आता तुमच्या मुलाचा हिशेब करू. आठवड्यात दोन दिवस शिकवणीचा एकेक तास आणि रोज वीस-पंचवीस मिनिटांचा रियाज मिळून पाच तासांहून कमीच वेळ जातो. शाळा, कोचिंग, प्रवास आणि झोप वगळून उरलेल्या वेळातून हे पाच तास काढणे शक्य आहे आणि ज्याच्या हाताला सहा वर्षांची सवय आहे त्याला ते आवश्यकही आहे. पण परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. मध्यमा पूर्णला बसायचे म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत रोज दोन तास लागणार, लेखी भागासाठी ताललिपी पाठ करावी लागणार आणि ती घाई नेमकी अकरावीचे पदार्थविज्ञान पक्के करण्याच्या काळात होणार. बारावीच्या वर्षी तर जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीच्या मध्यापासून बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा मेन आणि त्यानंतर ॲडव्हान्स्ड, अशी रांगच लागलेली असते. तेव्हा शिकवणी आणि रियाज चालू ठेवावा आणि मध्यमा पूर्ण बारावीनंतरच्या सत्रात द्यावी. नानासाहेब पानशांचा पखवाज आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गाणे ज्या शहरात घुमले, तेथे एक मुलगा वर्षभर परीक्षेवाचून ठेका धरत राहिला तर काही बिघडत नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेले नाही. काही कोचिंगवाले अकरावी-बारावीसाठी 'डमी' शाळा, म्हणजे नुसते नाव घालून वर्गात न जाता चालणारी शाळा, सुचवतात. सीबीएसईच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते, आणि नियमित न येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना बारावीच्या परीक्षेस बसू दिले जाणार नाही असे मंडळाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय उद्या मुलाचा विचार बदलला आणि खासगी किंवा परदेशी विद्यापीठात अर्ज करावासा वाटला, तर शिफारसपत्र लिहायला त्याला ओळखणारा एकही शिक्षक नसेल. तुमचा मुलगा खऱ्या शाळेत जातो आहे, ते तसेच राहू द्या.

प्रश्न : आदरणीय ताई, माझी अकरावी संपत आली आहे. मला अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचा आहे. सॅट या तिकडच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या प्रयत्नात १४३० मिळाले (गणित ७६०, वाचन-लेखन ६७०). मी सात वर्षांपासून दोरीचा मल्लखांब करते, पण विभागीय पातळीच्या पुढे पोहोचले नाही. दर शनिवारी नऊ लहान मुलींना शिकवते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये दोर धरताना त्यांची कातडी सोलते म्हणून मी आधी आजीच्या जुन्या सुती साडीची दोरी वळून तिच्यावर सराव करून घेते. आईचा डब्यांचा व्यवसाय आहे, त्याचा हिशेब मी ठेवते, पण तो काही उपक्रमात धरत नसतील. एका सल्लागाराने सांगितले आहे की सॅट परत देण्यापेक्षा एखादी स्वयंसेवी संस्था काढ आणि पैसे भरून एक शोधनिबंध छापून घे. बाबांचे उत्पन्न बेताचे आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय जाता येणार नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले, आणि त्यातल्या साडीच्या दोरीच्या वाक्याशी दोन्ही वेळा थांबले. त्याकडे नंतर येते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांची मोजण्याची रीत आपल्यापेक्षा निराळी आहे, आणि तिथेही प्रत्येकाची वेगळी. सुदैवाने ही रीत बरीचशी उघड असते. तेथील बहुतेक महाविद्यालये दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचे एक पत्रक प्रसिद्ध करतात. त्याच्या सी-७ या तक्त्यात शाळेतले गुण, अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, परीक्षेतले गुण, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम, मुलाखत अशा प्रत्येक बाबीपुढे 'अतिमहत्त्वाची', 'महत्त्वाची', 'विचारात घेतली जाते' किंवा 'विचारात घेतली जात नाही' अशी खूण केलेली असते. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे, म्हणजे वरचा आणि खालचा पाव भाग वगळून उरलेल्यांचे, सॅटचे गुण दिलेले असतात. तुझ्या यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचे हे दोन तक्ते काढून एका वहीत उतरवून घे. सल्लागाराला पैसे देण्याआधी करण्याचे हे काम आहे आणि त्याला एक रविवार पुरतो.

परीक्षेच्या सक्तीबद्दल गेल्या काही वर्षांत फार उलथापालथ झाली. करोनाच्या काळात बहुतेकांनी सॅट ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा आवश्यक केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी तोच निर्णय जाहीर केला. कोलंबियाने ती ऐच्छिक ठेवली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहतच नाहीत. त्यामुळे 'हल्ली सॅट लागत नाही' आणि 'सॅटशिवाय काही होत नाही' ही दोन्ही वाक्ये तुझ्या कानावर येतील आणि दोन्ही अर्धवट आहेत. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीचा नियम त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर वाच.

आता तुझे १४३०. एमआयटीत अलीकडच्या वर्षांत गणिताच्या भागात मधल्या पन्नास टक्क्यांची पट्टी ७८० ते ८०० अशी आहे, म्हणजे तुझे ७६० तेथे पट्टीच्या खाली येतात. मात्र ज्यांची एकूण पट्टी १३५० ते १५०० अशी असेल, त्यांच्याकडे तू मधोमध बसतेस. जेथे परीक्षा ऐच्छिक आहे तेथे पट्टीत बसणारे गुण पाठवावेत आणि पट्टीच्या खालचे असतील तर पाठवू नयेत. तुझ्यासाठी सॅट आणखी एकदा देणे योग्य आहे, कारण तुझे अंतर गणितात नसून वाचन-लेखनात आहे आणि अनेक महाविद्यालये वेगवेगळ्या प्रयत्नांतले प्रत्येक भागाचे उत्तम गुण एकत्र धरतात. गणिताचे ७६० तसेच राहिले आणि ६७० चे ७३० झाले, तरी तुझा हिशेब १४९० होतो. संगणकावरच्या या परीक्षेत प्रत्येक भागाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवर दुसऱ्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून पहिल्या टप्प्यात घाईने चुकलेले सोपे प्रश्न फार महाग पडतात. ऑगस्टमधील परीक्षेला बस, गरज वाटल्यास ऑक्टोबरमध्ये एकदा आणखी, आणि तेथे थांब. काही मुले पाच-पाचदा बसतात आणि त्या नादात बारावीची सहामाही हातची घालवतात, हे मी पाहिले आहे.

कारण तिकडे सर्वाधिक वजन बहुतेक ठिकाणी सॅटला नसून शाळेतल्या चार वर्षांच्या गुणांना असते. नववी, दहावी, अकरावी आणि बारावी या चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात, आणि बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच अर्ज जात असल्यामुळे शाळेने दिलेले अपेक्षित गुण पाहतात. आपल्याकडे नववी आणि अकरावी ही 'न मोजली जाणारी' वर्षे समजली जातात. परदेशी अर्जात ती पूर्ण मोजली जातात. तुझ्या अकरावीच्या वार्षिक परीक्षेला अजून तीन आठवडे असतील, तर सध्या सगळे बाजूला ठेवून त्या परीक्षेकडे लक्ष दे.

उपक्रमांकडे येऊ. अनेक महाविद्यालयांना चालणाऱ्या 'कॉमन ॲप' या अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात. प्रत्येकीत वर्णनासाठी फक्त १५० अक्षरे मिळतात, तीही मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हे सांगावे लागते. दहाही जागा भरायच्या असा नियम नाही. त्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे आणि पगारी कामाचाही आहे. तेव्हा आईच्या डब्यांचा हिशेब उपक्रमात धरतात का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. किती डबे जातात, महिन्याच्या शेवटी कोणाची किती बाकी राहते, सुट्टीत विद्यार्थी गावी गेले की तू वजावट कशी करतेस, हे सगळे त्या दीडशे अक्षरांत बसवता येते. ज्या मुलीला हे रोज करावे लागते, तिच्याकडे इतर उपक्रमांसाठी वेळ का नव्हता, हेही वाचणाऱ्याला त्यातून कळते.

मल्लखांबाबद्दल 'मल्लखांबामुळे माझ्यात शिस्त, एकाग्रता आणि नेतृत्व हे गुण विकसित झाले' असे लिहू नकोस. हेच वाक्य बास्केटबॉलबद्दल, भरतनाट्यमबद्दल आणि बुद्धिबळाबद्दल हजारो मुले लिहितात. त्याऐवजी असे लिही, अर्थात इंग्रजीत : 'दोरीचा मल्लखांब, सात वर्षे. दर शनिवारी नऊ मुलींना शिकवते. पाय सोलू नयेत म्हणून जुन्या साडीची मऊ दोरी वळून सुरुवातीचा सराव घेते.' विभागीय पातळीच्या पुढे गेली नाहीस याची खंत अर्जात मांडण्याची गरज नाही. मल्लखांब म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला माहीत नसेल. पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी हा प्रकार नव्याने रुजवला आणि मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये तो राज्यक्रीडा म्हणून स्वीकारला, हे ६५० शब्दांच्या मुख्य निबंधात एखाद्या ओळीत येऊ शकते, पण निबंधाचा विषय तू आणि त्या नऊ मुली असाव्यात. पहिली दोरी वळताना कोणती चूक झाली, कोणती मुलगी शिकवणी सोडून गेली, ती परत आली का, हे मला वाचायला आवडेल, आणि प्रवेश-समितीत बसलेल्या माणसालाही आवडेल असे मला मनापासून वाटते.

स्वयंसेवी संस्था काढू नकोस. बारावीच्या तोंडावर नोंदलेली आणि अर्ज गेल्यावर बंद पडलेली संस्था तारखांवरूनच ओळखू येते. पैसे भरून छापलेला शोधनिबंध तर अर्जाला धोकाच आहे. त्यावर एखाद्या प्राध्यापकाने दोन प्रश्न विचारले आणि तुला उत्तर देता आले नाही, तर तुझ्या खऱ्या कामाबद्दलही शंका निर्माण होईल. तो खर्च वाचवून सॅटच्या पुढच्या प्रयत्नाचे शुल्क भर.

पैशांची बाजू मात्र तुला स्पष्ट सांगायला हवी. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता निर्णय घेणारी आणि निवड झाल्यावर ती गरज पूर्ण भागवणारी महाविद्यालये फार थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही त्यांपैकी. इतर बहुतेक ठिकाणी 'मला अर्थसाहाय्य हवे' अशी खूण केली की निवड अधिक कठीण होते, मग गुण आणि उपक्रम कितीही चांगले असोत. म्हणून यादी करताना महाविद्यालय परदेशी विद्यार्थ्यांना किती साहाय्य देते हा रकाना सॅटच्या रकान्याशेजारीच ठेव, आणि भारतातले दोन-तीन चांगले पर्यायही बरोबरीने चालू ठेव. आपल्या जवळ भोपाळला अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर २०२३ पासून सुरू झाला आहे. तेथे प्रवेशपरीक्षेबरोबर मुलाखतही घेतात आणि गरजू विद्यार्थ्यांना उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती देतात. सोनीपतच्या अशोका विद्यापीठातही निबंध, अभियोग्यता चाचणी, मुलाखत आणि शाळेतली कामगिरी एकत्र पाहतात. अमेरिकेसाठी केलेली तुझी तयारी तेथेही उपयोगी पडेल. बाबांबरोबर बसून हा तक्ता पूर्ण कर, आणि हवे असल्यास मला पुन्हा लिही.

प्रश्न : माझी मुलगी वादविवाद स्पर्धांत राज्य पातळीपर्यंत गेली आहे. तिला दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र घ्यायचे आहे. बारावीला ९७ टक्के मिळवले की पुरेसे होईल का, आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जोडावीत का?
— एक वडील, देवास

उत्तर : बारावीच्या टक्क्यांवर कट-ऑफ लागण्याची पद्धत दिल्ली विद्यापीठात २०२२ मध्ये संपली. आता प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो, आणि ज्या विषयांचा अभ्यास बारावीत केला आहे तेच विषय त्या परीक्षेत निवडावे लागतात. बारावीचे गुण मुख्यतः दोन विद्यार्थी बरोबरीत आले तर पाहिले जातात. वादविवादाचा उपयोग सर्वसाधारण यादीत होत नाही. पण खेळ आणि कला-वक्तृत्वासारखे उपक्रम यांच्यासाठी मिळून पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात, त्यांत वादविवाद हा एक प्रकार आहे. तेथे प्रमाणपत्रे तर तपासतातच, शिवाय प्रत्यक्ष चाचणीही घेतात, आणि सीयूईटी दिलेली असावीच लागते. मुलीला दोन्ही मार्गांनी अर्ज करू द्या, मात्र तयारीचा मोठा वाटा सीयूईटीला द्या. चाचणीच्या आधी आठवडाभर तिने रोज एक विषय दोन्ही बाजूंनी मोठ्याने मांडावा आणि तुम्ही समोर बसून ऐकावे. घरातला श्रोता सहसा सर्वांत कडक परीक्षक असतो.

प्रश्न : नातू दहावीत आहे. त्याला आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. शेजारी सांगतात की मुलाखतीसाठी आतापासून प्रमाणपत्रे जमवावीत. उन्हाळ्यात त्याला कोणकोणत्या शिबिरांत घालावे? एक परिचित ओळखीने काही प्रमाणपत्रे मिळवूनही देतो म्हणतात.
— एक आजोबा, महू

उत्तर : आजोबा, शेवटचे वाक्य आधी घेते. ओळखीने प्रमाणपत्र घेऊ नका. खोटे कागद पकडले गेले तर प्रवेश रद्द होतो, आणि पकडले गेले नाहीत तरी ते कसे मिळाले हे नातवाला ठाऊक असते.

आयआयएम इंदूरचा पदवी आणि व्यवस्थापन यांचा हा एकत्रित अभ्यासक्रम २०११ पासून चालू आहे. त्यासाठी आधी लेखी अभियोग्यता परीक्षा असते, तिच्यात गणित आणि इंग्रजी भाषा यांची कसोटी लागते. त्यातून निवडलेल्यांनाच मुलाखतीचे बोलावणे येते. म्हणजे प्रमाणपत्रांची पिशवी कितीही जड असली तरी लेखी परीक्षेच्या अलीकडे ती कोणी उघडत नाही. दहावीतल्या मुलाने या उन्हाळ्यात गणित पक्के करावे आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख शेवटपर्यंत वाचून त्याचा सारांश पाच वाक्यांत लिहावा. हे दोन वर्षे टिकले तर लेखी परीक्षेची अर्धी तयारी घरबसल्या होते.

मुलाखतीचे म्हणाल, तर मी काही वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रवेश-मुलाखतींत बाहेरची परीक्षक म्हणून बसत असे. एकदा एक मुलगा चाळीस-बेचाळीस प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आला. मी मधलेच एक पान उघडून, या तीन दिवसांच्या कार्यशाळेत काय केलेत, असे विचारले. त्याला आठवेना, फाइल परत मागून त्याने शीर्षक वाचले आणि तेवढेच मला सांगितले. त्यानंतरच्या मुलीकडे फाइल नव्हती. तिच्या वडिलांचे सियागंजात किराण्याचे ठोक दुकान होते आणि सुट्टीत ती गल्ल्यावर बसत असे. धण्याचा भाव पावसाळ्यात का हलतो, हे तिने आम्हाला आठ-दहा मिनिटे सांगितले आणि मध्येच एकदा थांबून, एका आकड्याबद्दल खात्री नाही, असेही म्हणाली. तिला आम्ही तिघांनीही वरचे गुण दिले, त्याचे मोठे कारण ते थांबणे होते. नातवाला शिबिरात घालायचेच असेल तर एकाच ठिकाणी घाला, त्याच्या आवडीचे निवडा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच पाठवा.

आणखी एक काम आहे, आणि ते तुम्हीच करू शकाल. आपल्या मराठी घरांत मुलाच्या नावात वडिलांचे नाव घालतात. मध्य प्रदेशातल्या शाळा पुष्कळदा ते गाळतात. आणि स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर तिसरेच काही छापले जाते, कधी आडनावाचे स्पेलिंगही बदललेले असते. प्रवेशपरीक्षांच्या अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लागते. नातवाची दहावीची नोंदणी, आधार कार्ड आणि आजवरची खरी प्रमाणपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा. तफावत असेल तर मंडळाची गुणपत्रिका छापण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ती पोच गुणपत्रिकांच्या फाइलमध्येच लावून ठेवा.